उजवा हात एकच

१९ जानेवारी, रविवार. सोलापूर

या वहीत महाशिवरात्रीच्या व्याख्यानाचे मुद्दे लिहायचे होते. पहिल्या ओळीत विषय लिहून झालाय, 'दुःख आणि देव', आणि खाली लाल रेघ. एरवी शरणबसप्पा गुरुजी, म्हणजे मीच, या विषयावर कागद न बघता दीड तास बोलले असते. आता दवाखान्याच्या बाकावर बसलोय आणि त्या रेघेखाली काय लिहावं ते कळत नाही. म्हणून जे झालं ते लिहितो.

गुरुवारी सकाळी उमा अंगणात पूजेसाठी बेल तोडत होती. फांदीकडे गेलेला हात मध्येच लुळा होऊन खाली पडला. मी ओसरीवरून ओरडलो, "अगं, काय झालं?" तिनं माझ्याकडे बघून उत्तर दिलं. त्या उत्तरात शब्द नव्हते. मग ती खाली बसली आणि बसल्या जागी आडवी झाली.

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, असं डॉक्टर सांगतात. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. नाकातून नळी घातलीय, त्यातून पातळ काहीतरी देतात.

मोठ्या मशीनमध्ये न्यायच्या आधी नर्सनं अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याची गाठ काही सुटेना. "काका, वेळ नाही," असं म्हणत तिनं कात्री चालवली आणि चांदीची डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून माझ्या हातात दिली. उमाच्या गळ्यात लिंग नाही, असं मी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. गळा इतका उघडा वाटला की मी चादर वर ओढली.

लातूरहून महादेवी आली. लेकीला धीर द्यायचा म्हणून तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "अप्पा, आत्ता काही बोलू नका."

२१ जानेवारी, मंगळवार

भेटायला येणाऱ्यांची रांग लागलीय. उस्मानाबादपासून उमरग्यापर्यंत माझी भाषणं ऐकलेली माणसं. (धाराशिव म्हणायला हवं, पण जुनी जीभ.) येतात आणि माझीच वाक्यं मला ऐकवतात. "गुरुजी, तुमीच सांगता ना, देवाला जो जवळचा वाटतो त्यालाच तो तावून बघतो."

होय, मी सांगितलंय. कितीतरी मंडपांत सांगितलंय, मूठ आपटून सांगितलंय, टाळ्या घेतल्यात. आज ते वाक्य माझ्या कानाशी आलं तेव्हा वाटलं, असं बोलणाऱ्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी. कुणाला तावून बघतो? जी कधी कुणाला अर्धा शब्द वाकडा बोलली नाही, तिचेच शब्द काढून घेतो? मला बोलता येतं म्हणून मला सोडलं आणि ऐकणारीला पाडलं? असला हिशेब एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकानं केला असता तर मी मोर्चा काढला असता.

दुपारी हात धुवायच्या बेसिनपाशी उभा होतो. समोर आरसा. शर्टाच्या आत माझी डबी. दीक्षेच्या दिवशी गुरूनं तळहातावर ठेवलेलं इष्टलिंग देहापासून क्षणभरही दूर करायचं नाही, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, मातीत जातानाही ते सोबतच जातं. हे मीच शिकवत आलोय. दोरा धरला आणि हिसका मारला. तुटला. मानेवर वळ उठला असावा, अजून चुरचुरतंय.

पिशवीत आधी तिची डबी होती, तिच्यावर माझी टाकली. पिशवीला गाठ मारली.

वीज कोसळली नाही. बेसिनच्या नळातून पाणी टपकत होतं, तेवढंच.

२२ जानेवारी

महादेवीनं विचारलं, "अप्पा, तुमच्या गळ्यात लिंग दिसत नाही?" दोरा तुटलाय म्हणालो. खोटं नव्हतं.

२९ जानेवारी, बुधवार

उमाला अतिदक्षतेतून बाहेर आणलं. डोळे पूर्ण उघडे. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. कदाचित थोडी उघडेल, कदाचित नाही."

मी जवळ बसून खूप बोललो. महादेवीच्या पोरांचं, घराचं, शेजारच्या जमिलाबीनं घराला कुलूप लावून मांजराला दूध घातल्याचं. उमा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. नजर खाली, माझ्या गळ्याशी. कितीतरी वेळ. मफलर वाकडा झाला असेल म्हणून मी तो नीट गुंडाळला. तरी ती तिथंच बघत राहिली, मग डोळे मिटले आणि कोपऱ्यातून पाणी आलं. महादेवी म्हणाली, स्ट्रोकनंतर पेशंटला उगाच रडू येतं.

एक गंमत आठवली. माझ्या एकाही भाषणात ही बाई शेवटपर्यंत जागी राहिलेली नाही. पहिल्या रांगेत बसायची, पदर नीट घ्यायची आणि दहाव्या मिनिटाला मान टाकायची. घरी येताना मी रागानं विचारायचो, "काय बोललो सांग बरं?" तर म्हणायची, "चांगलंच बोलला असणार की. माणसं टाळ्या देत होती. त्यानंच तर जाग आली."

६ फेब्रुवारी, गुरुवार. जळकोट

घरी आणलं. सकाळीच नळी काढली. चमचाभर पाणी तिनं नीट गिळलं, तेव्हा डॉक्टर खूष झाले. म्हणाले, "आता तोंडानं जेवू द्या. जेवल्या तर हिंडतील. नाही जेवल्या तर परत नळी, आणि दुसऱ्यांदा नळी म्हणजे मग अंथरूणच."

अंगणात बेल तसाच उभा. जमिलाबी दारात भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी होती. आमच्या भिंतीपलीकडची, ब्लाउज शिवणारी, तीस वर्षांपासूनची उमाची मैत्रीण. तिनं तुकडा ओवाळला, फेकला, आणि "उमाक्का, लई वाळली गं माझी बाई," म्हणत हुंदका दिला.

माझं देवाशी जे वैर आहे ते माझं. उमाचं नाही. म्हणून खोलीचं दार लोटून पिशवी सोडली. दोन्ही डब्या अगदी सारख्या, महादेवीनंच गेल्या वर्षी सराफाकडून जोडीनं घडवून आणलेल्या. वर हाताला लागली ती नव्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली. खालची ट्रंकेत, माझ्या भाषणांच्या वह्यांखाली. देवानं आणि वह्यांनी एकमेकांचं ओझं वाहावं.

रात्रीची पेज तिनं घेतली नाही. दमली असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीही तोंड मिटलेलं. माझ्या लक्षात आलं. लिंगपूजेआधी ती चहासुद्धा घेत नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून नाही. बाळंतपणातही नाही. दवाखान्यात नळीतून गेलं ते गेलं, त्यात तिची संमती कुणी विचारली?

म्हणून तिला देवखोलीत खुर्चीवर नेलं. भस्म, पाणी, बेल समोर ठेवलं. मी मनातून कडू होतो, पण ठेवलं. तिनं डाव्या हातानं डबी ओढून बाहेर काढली, दातात धरून झाकण उघडलं. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. आत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं लिंग होतं. तिनं फडक्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि पुढं झुकून ती उघडी डबी माझ्या छातीला टेकवली. जोरानं. शर्टाचं बटण रुतलं.

"अगं, तुझी पूजा तू कर. मी नाही करणार."

तिनं घशातून एक आवाज काढला, परत टेकवली. मग हात खाली पडला.

दिवसभर काही खाल्लं नाही. पाणी आणि गोळ्या तेवढ्या घेतल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही तेच. डबी उघडली, पाहिलं, माझ्या छातीला लावली. मला आता अर्थ कळलाय. उमा देव परत करतेय. ज्यानं आयुष्यभर मंडपात देव वाटला, त्याच्या छातीवर आणून टाकतेय. घ्या तुमचा. मला नको.

खरं लिहितो. वाईट वाटलं, आणि त्याच्याखाली कुठंतरी बरंही वाटलं. या रागात मी एकटा नाही.

जमिलाबीच्या बहिणीची नात मिनाज नळदुर्गहून स्कूटीवर येते, हातापायाचा व्यायाम घ्यायला. कडक पोरगी. उमाची बोटं एकेक करून उघडते आणि बजावते, "काकू, ढकला. माझ्यावर राग काढा. अजून." निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, त्यांना काहीतरी सांगायचंय. सारखं तुमच्याकडे बघतायत."

"जगायचं नाही, हे सांगायचंय," मी म्हणालो.

"ज्याला जगायचं नाही तो बोटं ढकलत नाही, काका. माझं बोट दुखतंय अजून."

पोरीला अनुभव कमी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र उत्सव समितीला पत्र लिहिलं. 'यापुढे मी या विषयावर बोलणार नाही, कारण मला त्यातलं काही माहीत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे.' तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन वेळा पत्राचं भाषण होत होतं.

उमानं महादेवीच्या हातातला चमचा डाव्या हातानं बाजूला केला. रागानं नाही, अगदी हलकेच, पाहुण्याला 'पुरे' म्हणावं तसं. महादेवी न्हाणीत जाऊन रडली. नळ सोडून रडली, म्हणजे आवाज येऊ नये. मला आलाच.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्र घेऊन समितीचा अध्यक्ष स्वतः आला. महालिंगप्पा. माझा शाळेपासूनचा मित्र. पत्र माझ्यापुढं धरून म्हणाला, "हे काय चालवलंय गुरुजी? तुमचं अक्षर लई बिघडलंय."

"मजकूर वाच."

"वाचला. दोन ओळीत तुमी काय सांगू शकता, हे आज कळलं. आदी का न्हाय केलं असं? आमच्या मांड्या तरी आखडल्या नसत्या."

एरवी हसलो असतो. बारा वर्षांपूर्वी त्याचा थोरला बजरंग हायवेवर गेला. बावीस वर्षांचं पोरगं. शोकसभेत मी बोललो होतो, पाऊण तास. लोक ढसाढसा रडले होते आणि नंतर कुणीतरी माझं अभिनंदनही केलं होतं. आज ते आठवलं. मी विचारलं, "महालिंगप्पा, खरं सांग. त्या दिवशी मी जे बोललो, त्याचा तुला काय उपयोग झाला?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तुमी काय बोललात ते आठवत न्हाय बघा. खोटं कशाला बोलू? पर तुमची उमाक्का पंदरा दिस पहाटं आमच्या म्हशीची धार काढायला येत होती. आमच्या घरातलं कुणी उठतच नव्हतं. ती यायची, धार काढायची, चूल पेटवून दूध तापत ठिवायची आन एक शबूद न बोलता जायची. ते आठवतंय. सोळाव्या दिशी मीच उठलो. म्हटलं, परक्याची बाई किती दिस येणार."

मला हे माहीतच नव्हतं. पंधरा दिवस माझी बायको पहाटे उठून कुठं जाते, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या पंधरा दिवसांत पुढच्या व्याख्यानमालेची तयारी करत होतो.

जाताना पत्र त्यानं माझ्याच खिशात घातलं. "उत्सवाला अजून सोळा दिस हाईत. अक्षर सुधरा."

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाचवा दिवस. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण शीर सापडेना, चार ठिकाणी टोचलं. सोलापूरला फोन केला. गुरुवारी सकाळी आणा म्हणाले, नळी घालावी लागेल.

महादेवी माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "अप्पा, सगळ्या जिल्ह्याला तुम्ही समजावता! अव्वाला दोन घास खायला समजावता येत नाही तुम्हाला?"

येत नाही.

संध्याकाळी उमाजवळ बसलो. ठरवून बोललो नाही, कारण काही उरलंच नव्हतं. तिनं डावा हात माझ्या मानेवर ठेवला. दोरा तुटताना वळ उठला होता त्या जागी बोट फिरवलं. वळ कधीच गेलाय, पण तिचं बोट नेमकं तिथं गेलं. कसं कळलं तिला?

खूप दिवसांनी मनात एक वाक्य आलं. कुणाला उद्देशून होतं ते लिहीत नाही. 'हिला जेवू दे.' एवढंच. त्याच्यापुढे ना विशेषण, ना दाखला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजच लिहायला हवं.

सकाळी तिला देवखोलीत नेलं. आता का नेतो तेही ठाऊक नव्हतं. तिनं परत डबी दातानं उघडली, परत माझ्या छातीला लावली. याच वेळी जमिलाबी पेजेचं पातेलं घेऊन आली. रोज ती उशिरा येते, स्वयंपाकघरात पातेलं ठेवून जाते. आज सोलापूरला न्यायची तयारी करायची म्हणून लवकर आली, आणि आम्ही दिसलो नाही म्हणून देवखोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच म्हणाली, "सर, हे कुणाचं हो?"

"काय कुणाचं?"

"ही डबी."

"हिचीच. दुसऱ्या कुणाची?"

"न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"फडकं पांढरं हाय. उमाक्काचं फडकं हिरवं. म्या सोता शिवलंय. महादेवीच्या बारशाच्या झबल्यातला तुकडा हाय त्यो, काठाला पिवळी जर. दर दिवाळीला धुऊन माझ्याकडं टीप मारायला आणायची."

मी डबीत पाहिलं. पांढरं फडकं. माझ्या जुन्या धोतराचं. कोपऱ्याला शाईचा निळा डाग, माझ्याच पेनाचा.

बेचाळीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून पूजा केली. एकमेकांच्या डबीत कधी पाहिलं नाही. पाहायचं नसतं. मला वाटायचं, सगळ्यांचं फडकं पांढरंच असतं.

उमाकडे पाहिलं. ती जमिलाबीकडे बघत होती आणि हसत होती. अर्धंच तोंड हसत होतं, उजवी बाजू तशीच, पण असं हसताना मी तिला लग्नात पाहिलं होतं. जमिलाबी रडत म्हणाली, "अगं बये, पाच दिस हेच सांगत व्हतीस का गं? या एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसाला?"

ट्रंक उघडली. भाषणांच्या वह्या काढून खोलीभर फेकल्या. खालची डबी उघडली. हिरवा तुकडा, काठाला जर.

आणून तसंच फडक्यासकट तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तिनं दातानं फडकं सोडून ते कपाळाला लावलं. माझ्या लिंगाची डबी मी तिच्या गळ्यातून सोडवून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "घे. आता कर पूजा. मग दोन घास खा."

ती सुरू करेना. तळहात पुढं धरून बसून राहिली. नजर टेबलावरच्या डबीवर.

"उमा, ते राहू दे. माझं मी बघीन."

हलली नाही. उंबऱ्यावरून जमिलाबी म्हणाली, "सर, तुमच्यासाठी थांबलीय ती."

"मला माहितीय."

"मग?"

आता मला कळलं की मी इतके दिवस ज्याच्याशी भांडत होतो तो काही माझ्या समोरच्या खुर्चीवर नव्हता. समोर फक्त ही होती, पाच दिवसांची उपाशी, एक हात मेलेला, दुसऱ्या हातावर देव घेऊन. हिच्याशी कोणत्या तोंडानं वाद घालू? मी दोरा घेतला. सुईत ओवावा तसा तो डबीत ओवला, गळ्यात बांधला. खाली बसलो. माझं लिंग माझ्या डाव्या तळहातावर घेतलं.

आणि मग अडलो. लिंग डाव्या हातावर असतं. पाणी, भस्म, बेल, सगळं उजव्यानं. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला. समोर दोन तळहात, दोन देव, आणि चालता उजवा हात एकच. माझा.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो. मीच शिकवलंय. तिनं डाव्या कोपरानं माझा उजवा हात आपल्याकडे ओढला. बस्स.

मी तिच्या लिंगावर पाणी घातलं. भस्माची तीन बोटं ओढली. बेलाचं पान ठेवलं. मग माझ्या लिंगावर. मंत्र माझ्या तोंडून निघेना. तीस वर्षं ज्या गळ्यानं हजार माणसं हलवली, तो गळा सहा अक्षरांवर बसला. तेव्हा उमानं सूर धरला. शब्द नाहीत, नुसता सूर. ओम नमः शिवायचा तोच चढउतार, रोज पहाटेचा. त्या सुराच्या काठीला धरून मी अक्षरं घातली.

तीर्थ घेतलं. जमिलाबीच्या पेजेचे सात चमचे गेले. आठव्याला तिनं हात आडवा केला. महादेवीनं दवाखान्याला फोन केला की उद्या येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकरा चमचे. दुपारी वरणातला मऊ भात.

२९ जानेवारीचं पान परत वाचलं. मफलर! मफलर नीट केला मी! २१ तारखेचंही वाचलं. 'आधी तिची डबी होती, तिच्यावर माझी टाकली.' आणि सहा तारखेला, 'वर हाताला लागली ती.' माझ्याच हातानं लिहिलंय. पाचवीतल्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

महालिंगप्पाला सगळं सांगितलं. दोघांची लिंगं अदलाबदल झाली, आता स्वामींना विचारून काही शुद्धी करायला हवी का, असंही विचारलं. तो म्हणाला, "बेचाळीस वर्षं संसार केला न्हवं? एवढ्यात देव ओळखीचे झाले असतील एकमेकांच्या. आठ दिस पावण्याला गेले म्हणा."

एक गोष्ट सुटत नाही. तिला तिचं लिंग हवं होतं म्हणून ती उपाशी होती, असं मी महालिंगप्पाला सांगितलं. पण ते मिळाल्यावरही ती थांबलीच की. कदाचित सवय. आम्ही नेहमी बरोबरच बसायचो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रोज सकाळी एका हाताच्या दोन पूजा. मी हे तिच्या जेवणासाठी करतो, असं परवा मिनाजला सांगितलं. ती उमाच्या मनगटाला पट्टा बांधत होती. म्हणाली, "बरं. आणि शनिवारी काकू झोपल्या होत्या, तेव्हा तुम्ही एकटेच आत बसला होता, ते कुणाच्या जेवणासाठी?"

या पोरीला फार दिसतं.

खरं ते लिहितो. माझा राग गेलेला नाही. उमाचा हात असा का, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, आणि जे उत्तर मी लोकांना देत होतो ते मी परत कधी देणार नाही. पण आता राग रिकाम्या भिंतीवर जात नाही. कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. उमा माझी भाषणं ऐकायची तसं असेल कदाचित. शब्दांकडे लक्ष नाही, पण पहिल्या रांगेतून उठून जाणार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

गेलो. मंडपात चाकाच्या खुर्चीवर उमा, पहिल्या रांगेत, शेजारी जमिलाबी. महालिंगप्पानं माईक दिला आणि कानात म्हणाला, "अक्षर सुधरलं का?"

मी सहा मिनिटं बोललो. म्हणालो, महिन्यापूर्वी मी गळ्यातलं लिंग हिसडून काढलं. म्हणालो, मला वाटलं माझ्या घरात देव मेला, आणि माझ्या घरात एक बाई तो माझ्या छातीला लावून मला रोज परत देत होती, आणि मला वाटलं ती तो टाकून देतेय. म्हणालो, तुमच्यातल्या ज्यांना मी दुःखाच्या दिवशी मोठमोठी वाक्यं ऐकवली, त्यांची माफी मागतो. ज्यांच्याकडे आज दुःख आहे त्यांना सांगायला माझ्याकडे काही नाही. पहाटे धार काढायला येईन. तेवढं येतं. म्हणजे, शिकेन.

टाळ्या पडल्या नाहीत. मागं कुठंतरी एक माणूस नाक शिंकरत होता. महालिंगप्पानं टोपी काढली होती.

पहिल्या रांगेत पाहिलं. उमा जागी होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी देवखोलीत बसलो. कालच्या भाषणाचा विचार डोक्यात, त्या नादात पाणी उचललं आणि आधी माझ्याच लिंगावर घालायला निघालो. डाव्या पायानं तिनं माझ्या गुडघ्याला ढोसलं.

"बरं बरं," म्हणालो, आणि हात तिच्या तळहाताकडे वळवला.